'असावा' आणि 'असू शकेल'

प्रश्न असा आहे : बातम्यांमध्ये लाल मांसालाही 'संभाव्य कर्करोगजनक' म्हणतात आणि अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थालाही. मूळ इंग्रजीत मात्र पहिल्याला 'प्रॉबेबली' आहे, दुसऱ्याला 'पॉसिबली'. हा फरक मराठीत कसा आणायचा?

तो आणायलाच हवा, कारण ते दोन वेगळे गट आहेत. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, १९६५ साली स्थापन झालेली. निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ तिथे एकेक पदार्थ, व्यवसाय किंवा सवय घेतात, तिच्यावरचा पुरावा तपासतात आणि गट ठरवतात. लाल मांस २०१५ साली '२अ' गटात गेलं, अ‍ॅस्पार्टेम २०२३ साली '२ब' गटात. 'प्रॉबेबली' आणि 'पॉसिबली' यांना आकड्यातला काही अर्थ नाही, पुरावा किती भक्कम आहे एवढंच ते सांगतात, हे संस्थेनेच स्पष्ट केलं आहे. म्हणजे इथे सगळा मामला शब्दांच्या वजनाचा आहे, आणि भाषांतरात नेमकं तेच वजन हरवतं.

'संभाव्य' मला इथे दोन कारणांनी खटकतो. एक तर तो दाट शक्यतेलाही चालतो आणि पुसट शक्यतेलाही. दुसरं म्हणजे त्याचं तोंड भविष्याकडे असतं : संभाव्य तारीख, संभाव्य उमेदवार. पदार्थ पुढे कधीतरी कर्करोगजनक होणार आहे असं कुणी म्हणत नाही. तो आज जसा आहे तसाच आहे, अपुरी आहे ती आपली माहिती.

काही जण 'शक्यतो' लिहितात. ते तर साफ चूक. 'शक्यतो' म्हणजे होईल तितकं, जमेल तोवर. 'शक्यतो लवकर या' मधलं.

'प्रॉबेबली'ला 'बहुधा' आणि 'पॉसिबली'ला 'कदाचित' हे आपल्याकडे तयारच आहेत. (संस्कृतात 'बहुधा' म्हणजे अनेक प्रकारे. शेवटी 'धा' आहे, द्विधा-शतधामधला. 'बहुदा' लिहू नये.) पण ही क्रियाविशेषणं. 'बहुधा कर्करोगजनक पदार्थ' असं नामाआधी बसवलं की ती अवघडतात. मराठीने ही सोय क्रियापदात केलेली आहे, म्हणून मी असं लिहीन :

पहिला गट : कर्करोगजनक आहे.
२अ : कर्करोगजनक असावा.
२ब : कर्करोगजनक असू शकेल.
तिसरा गट : कर्करोगजनक आहे की नाही, सांगता येत नाही.

'असावा' कधी म्हणतो आपण? दाराला कुलूप दिसलं की 'बाहेर गेला असावा' म्हणतो. जाताना पाहिलेलं नसतं, पण खुणा तिकडे बोट दाखवतात. २अ गटाचं बरंचसं असंच असतं. माणसांमधला पुरावा मर्यादित, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांतला पुरेसा, किंवा शरीरात हे कसं घडतं याचा पुरावा भक्कम. 'असू शकेल' म्हणताना खुणा त्याहून विरळ असतात.

तिसऱ्या गटाचं भाषांतर जपून करावं. 'कर्करोगजनक नाही' असं लिहिलं की वाचणारा निर्धास्त होतो, आणि तेवढं आश्वासन तिथे दिलेलंच नसतं. १९९१ साली २ब गटात घातलेली कॉफी २०१६ मध्ये या गटात आली.

पहिल्या गटातल्या 'आहे'चाही गैरसमज होतो. तंबाखूचा धूर त्यात आहे आणि २०१५ पासून सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांसही. दोन्हींबाबत खात्री सारखी आहे, म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम कित्येक पटींनी वाढते. गटावरून हा फरक कळत नाही. म्हणून बातमीत गटाच्या जोडीला 'किती प्रमाणात, किती वाढ' हे वाक्य यावंच.

पूर्वी चौथा गटही होता, 'प्रॉबेबली नॉट'चा. त्यात एकच पदार्थ होता, नायलॉनसाठी लागणारा कॅप्रोलॅक्टम. २०१९ साली तो गटच काढून टाकला. त्यासाठी मराठीत एक शब्द पुरला असता : 'नसावा'.