दूतावासावर जमाव चालून आला तर दोष कोणाचा, आणि इतर देश त्यात नेमके काय करू शकतात?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 22 मध्ये आहे. यजमान देशाच्या पोलिसांना दूतावासप्रमुखांच्या संमतीवाचून आवारात पाऊल टाकता येत नाही. मात्र त्या आवारात कोणी घुसू नये, त्याची नासधूस करू नये, यासाठी योग्य ते सर्व उपाय योजण्याचे विशेष कर्तव्यही त्याच देशाचे असते. (दूतावास म्हणजे परकीय भूमी, हा समज खरा नाही; जमीन यजमान देशाचीच राहते.)

जमावाचे कृत्य सरकारच्या माथी मारता येते का, याचा कस 4 नोव्हेंबर 1979 रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर झालेल्या हल्ल्यात लागला. तेथील 52 जण 444 दिवस ओलीस राहिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे 1980 च्या निकालात मूळ हल्ला इराण सरकारचे कृत्य मानला नाही, परंतु मदतीची याचना होत असतानाही हातावर हात ठेवून बसणे हा कर्तव्यभंग ठरवला. आणि पुढे इराणच्या क्रांतीचे नेते आयातोल्ला खोमेनी यांनी त्या कब्जाला मान्यता दिल्यावर तो कब्जा राज्याचेच कृत्य झाला, असे म्हटले. ‘लोक भडकले, आम्ही काय करणार’ ही सबब तेव्हापासून कायद्यात टिकत नाही.

इतर देशांची जबाबदारी 1973 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांवरील हल्ल्याच्या कटांची माहिती एकमेकांना देणे, आणि हल्लेखोर आपल्या हद्दीत सापडल्यास त्याचे प्रत्यार्पण करणे किंवा त्याच्यावर खटला चालवण्यासाठी प्रकरण आपल्या अभियोग यंत्रणेकडे सोपवणे, हे सदस्य देशांना बंधनकारक आहे. माझ्या मते सहकार्याचा खरा गाभा हाच, कारण 1984 मध्ये बर्मिंगहॅममध्ये अपहरण करून मारले गेलेले भारतीय अधिकारी रवींद्र म्हात्रे यांच्यासारख्यांना आवाराच्या भिंती वाचवू शकत नाहीत.

यजमान देशच उल्लंघन करतो तेव्हा मात्र ही सारी व्यवस्था तोकडी पडते. एप्रिल 2024 मध्ये इक्वेडोरच्या पोलिसांनी क्विटोतील मेक्सिकोच्या दूतावासात शिरून आपल्याच देशाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास यांना अटक केली. मेक्सिकोने संबंध तोडले आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. संबंध तुटल्यावरही रिकाम्या इमारतीचे रक्षण करणे व्हिएन्ना कराराच्या कलम 45 नुसार यजमानाला चुकत नाही, आणि तिची देखरेख तिसऱ्या देशाकडे सोपवता येते. इराणमधील अमेरिकेच्या हितसंबंधांची जबाबदारी स्वित्झर्लंड 1980 पासून सांभाळत आला आहे, ते याच तरतुदीच्या आधारे.