यकृतातले पहारेकरी

प्रश्न : आमचे आप्पा ६२ वर्षांचे, रावेरला केळीची बाग. यकृताचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘नॅचरल किलर पेशी थकल्यात.’ म्हणजे काय?

उत्तर : ताई, या पांढऱ्या पेशी १९७५च्या सुमारास ओळखल्या गेल्या. रक्तातल्यापेक्षा यकृतात त्यांचं प्रमाण बरंच जास्त. बिघडलेल्या पेशीला चिकटून त्या परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोक पाडतात, ग्रँझाइम ही मारक विकरं आत सोडतात, पेशी मरते. गाठ मात्र टीजीएफ-बीटासारखी, प्रतिकार दाबणारी द्रव्यं सोडून या पहारेकऱ्यांनाच सुस्त करते. आप्पांचं यात काही चुकलेलं नाही. ‘प्रतिकारशक्ती’च्या बाटल्यांवर बागेचा पैसा घालवू नका, कळकळीने सांगतो. त्यांची हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची तपासणी झाली का? यकृताच्या कर्करोगामागे तो असू शकतो. तो निघाला असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लस घ्या. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे चटणीतसुद्धा नकोत, त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं.