तनहा नाही हो, तण्हा!

प्रश्न असा आलाय: थाई पिरियड ड्रामात सूडाच्या सीनला 'वेन' ऐकू येतं ते आपलं वैर का, आणि 'तनहा' हा उर्दू शब्द थाईत कसा काय घुसला?

वेन म्हणजे वैरच. लिहितात वेर, पण थाईत शेवटच्या र चा उच्चार न होतो. धम्मपद या पाली बौद्ध ग्रंथातलं 'न हि वेरेन वेरानि' (वैराने वैर शमत नाही) आठवा, झालं.

पण तो तनहा! या महिन्यात चौथ्यांदा ऐकतोय, म्हणे हीरो बिचारा एकटा आहे म्हणून तनहा. अहो एकटा कुठला, घर माणसांनी भरलंय, तीच तर सगळी भानगड आहे. शब्द आहे तण्हा, पाली, संस्कृतातली तृष्णा. थाईत रोजच्या बोलण्यात अर्थ सरळ वासना, आणि 'हा' वर सूर असा चढवतात की वाटतं काहीतरी विचारतायत.

आता मजा बघा, हीच तण्हा प्राकृतातून आपल्याकडे आली आणि झाली तहान! गोव्यात तर नुसती तान. बुद्धाने जिला दुःखाचं मूळ म्हटलं ती बँकॉकला गेली ती थेट बेडरूममध्ये शिरली आणि आपल्याकडे माठाशेजारी येऊन बसली. 'थाई म्हणजे बिघडलेलं संस्कृत' म्हणणाऱ्या पंडितांनी हा ण्ह संस्कृतात शोधून दाखवावा, तो पालीचा आहे, बिघडलंबिघडलं काही नाही.

आता माझं लाडकं. 'जन दारा' हा थाई सिनेमा घ्या, २००१ चा, दिग्दर्शक नोन्झी निमिबुत्रचा (२०१२-१३ मध्ये दोन भागांत परत काढला). आई बाळंतपणात जाते, बाप म्हणवणारा त्या तान्ह्याचा तेव्हापासून दुस्वास करतो, पुढे घराबाहेर काढतो, पोरगा परत येऊन सूड घेतो आणि घेता घेता अगदी त्याच माणसासारखा होऊन बसतो. तर हे 'तान्हं'. कोशवाले म्हणतात तर्णक, म्हणजे वासरू, त्यावरून आलं. असेल. पण जुन्या मराठीत तान्हेला म्हणजे तहानलेला, आणि दुधासाठी टाहो फोडणारं पोर बघून कुठल्या आईला वासरू आठवतं? मी तहानच धरतो, लोकव्युत्पत्ती म्हणा खुशाल.

आणि हो, 'जन दारा'च्या त्या दुसऱ्या भागाच्या नावातलं 'पच्छिम' म्हणजे शेवटचा, पाश्चात्य नव्हे. पुढचा प्रश्न तोच येणारे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.