सातारा ‘खालसा’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आला आहे: ‘खालसा म्हणजे शुद्ध. मग डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, इथे बुडवलं हा अर्थ कुठून आला? “खाली करणे”वरून आला असेल का? आणि १९४८ साली संस्थानं खालसा झाली असं लिहिलेलं चालेल का?’

‘खाली’शी याचा काही संबंध नाही. मूळ शब्द अरबी ‘खालिस’, म्हणजे निर्भेळ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असा. आपल्याकडे तो फारसीतून, महसुलाच्या दप्तरातून आला. ज्या जमिनीचा सारा मधल्या कुणा जहागीरदाराच्या किंवा इनामदाराच्या हाती न जाता थेट सरकारच्या खजिन्यात येतो, ती खालसा. निर्भेळ आहे तो सरकारचा हक्क, जमीन नव्हे. शीख पंथाच्या ‘खालसा’चा उलगडाही अनेक अभ्यासक असाच करतात: गुरू आणि शिष्य यांच्या मधले मसंद, म्हणजे गुरूंनी नेमलेले प्रतिनिधी, दूर झाले, शीख थेट गुरूचे झाले. (पुढे १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाबचं खालसा राज्य खालसा केलं. हे वाक्य मराठीतच लिहिता येतं.)

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आहेत. दुमाला म्हणजे ज्याचं उत्पन्न सरकारने दुसऱ्या कुणाला तोडून दिलं आहे ते गाव. खालसा म्हणजे ज्याचा सारा थेट सरकारात जमा होतो ते. इथे सरकार म्हणजे करवीर दरबार, इंग्रज नव्हेत. म्हणजे संस्थानाच्या पोटातही खालसा गावं असायचीच, आणि ती काही कुणी ‘बुडवलेली’ नसायची. निजामाच्या राज्यातही खालसा मुलूख वेगळा, जहागिरी वेगळ्या आणि खुद्द निजामाच्या खासगी खर्चाचा सर्फेखास वेगळा. त्यामुळे हा शब्द दिसला की आधी विचारायचं: कुणाच्या खजिन्यात?

आता सातारा. १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं ते त्यांच्यासह वारसांनाही, कायमचं. त्याच तहात रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, सल्ल्याने चालण्याची अटही होती. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे भाऊ शहाजी यांना गादीवर बसवलं. शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, आणि त्याआधी काही तास त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला. रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क हे दोघेही दत्तक मान्य करावा या मताचे होते. क्लार्क पदावरून गेले, त्यांच्या जागी आलेले फॉकलंड उलट मताचे निघाले, डलहौसीला तर तेच हवं होतं. १८४९ च्या सुरुवातीला कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्यावर शिक्कामोर्तब केलं. सातारकरांचे वकील रंगो बापूजी तेव्हा लंडनमध्येच होते. आधी प्रतापसिंहांसाठी आणि मग गादीसाठी तेरा-चौदा वर्षं ते विलायतेत खेटे घालत राहिले.

माझ्या मते शब्दाची खरी गंमत इथे आहे. इनामदार निपुत्रिक वारला की सरकारने त्याचं गाव खालसा करायचं, ही जुनीच रीत. पण सातारकर छत्रपती कंपनीचे इनामदार होते का? तहाने राज्य मिळालेला राजा तो! ‘राज्य खालसा केलं’ असं म्हणताच राजा हा कंपनी आणि रयत यांच्यामधला एक वतनदार होता, हे कंपनीचं म्हणणं आपण न वाद घालता मान्य करून बसतो. त्यातही उपरोध असा की साताऱ्याचे जहागीरदार, म्हणजे औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, तगले. फक्त त्यांचा धनी बदलला. मधला म्हणून काढला गेला तो छत्रपती.

नागपूर आणि झाशी १८५४ मध्ये याच वाटेने गेली, आणि एवढ्या राज्यांची अखेर या एकाच क्रियापदाने सांगितली गेली की लोकांच्या कानात त्याचा अर्थ ‘नामशेष करणे’ असाच बसला. निवडणुकीच्या निकालादिवशी वर्तमानपत्रं ‘अनेकांची संस्थानं खालसा’ छापतात ती याच अर्थाने. त्यात चूक काही नाही, शब्द असेच सरकतात.

१९४८ साठी मात्र मी ‘विलीन’ लिहीन. सांगली, औंध वगैरे दक्षिणी संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. तीही राजांच्या सहीच्या करारांनी, तनखा म्हणजे राजांना सरकारकडून मिळायची वार्षिक रक्कम ठरवून. सही खुशीची होती की नाइलाजाची, हा वेगळा विषय. पण साताऱ्याला सही कुणी मागितलीच नव्हती. तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने गेले, त्यांना मात्र हवं तर खुशाल ‘खालसा’ म्हणा.