जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? एजंटला पैसे द्यायच्या आधी हे वाच

पत्र:

मावशी, मी भांडुपला राहते, यंदा बारावी सायन्स झाले, 61 टक्के पडले. नर्सच व्हायचंय हे माझं आठवीपासून ठरलेलं आहे. आता झालंय असं की मनपाच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, माझा नंबर लागलाय, आणि दुसरीकडे पनवेलच्या पुढे एका प्रायव्हेट कॉलेजात बीएस्सी नर्सिंगची सीट मॅनेजमेंट कोट्यातून मिळवून देतो असं एक एजंट म्हणतोय. सीईटी दिली होती पण पहिल्या राऊंडला काहीच लागलं नाही. मामा म्हणतो डिग्रीच कर, डिप्लोमावाल्यांना पुढे कोण विचारतं. आई पाटल्या गहाण टाकायला तयार आहे. पप्पा सिक्युरिटीला आहेत, त्यांचा दोन्हीला विरोध, म्हणतात लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला. एजंटला शनिवारपर्यंत 25 हजार द्यायचेत नाहीतर सीट जाईल म्हणतो. आम्ही कुणबी, ओबीसीत येतो. काय करू?
– गोंधळलेली, भांडुप

उत्तर:

अगं पोरी, सगळ्यात आधी आईच्या पाटल्या आईच्या हातातच राहू देत. आणि त्या एजंटला शनिवारी एक रुपयासुद्धा द्यायचा नाही, त्याचे कितीही फोन आले तरी. बाकीचं सगळं निवांत बोलू.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते म्हणजे तुला माझं म्हणणं तोलता येईल. मी स्वतः जीएनएमवाली, 1983 ला ट्रेनिंगला लागले आणि पुढची 36 वर्षं मुंबईतच मनपाच्या वॉर्डांत काढली, डिग्री केली ती पार नंतर, मुलगी शाळेत असताना, पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतर करायची डिग्री. त्यामुळे मामा म्हणतो तसं डिप्लोमावालीला कोणी विचारत नाही हे मी तरी मान्य करणार नाही. पण डिग्रीचा काही उपयोग नाही असंही मी तुला सांगणार नाही, कारण ती नंतर करताना माझे काय हाल झाले ते मला माहिती आहे.

आता कोर्सचं बघ. जीएनएम 3 वर्षांचं, डिप्लोमा, परीक्षा राज्याच्या नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षण मंडळाची. बीएस्सी 4 वर्षांचं, 8 सेमिस्टर, डिग्री बहुतेक कॉलेजांत नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. दोन्ही करून तुझी नोंदणी होते ती एकाच ठिकाणी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये, आणि दोघींच्या नावापुढे रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ हेच लागतं. वॉर्डात ड्युटी लावताना इनचार्ज सिस्टर विचारत नाही तू डिग्रीची की डिप्लोमाची, ती विचारते सलाईन लावता येतं का.

फरक पडतो तो पुढे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची परीक्षा असते ना, नॉरसेट, तिला बीएस्सीवाली पास झाल्याझाल्या बसू शकते, जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करायची, कॉलेजात शिकवायचं, तर बीएस्सी पाहिजेच, म्हणजे जीएनएम करून परत 2 वर्षं पोस्ट बेसिक. 3 आणि 2 मिळून 5 वर्षं, तिथे सरळ बीएस्सी 4 वर्षांत. त्यात ते 3 आणि 2 सलग होतच नाहीत गं, मधे नोकरी लागते, लग्न होतं, पोर होतं, मग स्टडी लीव्हसाठी अर्ज करत बसायचं, आणि तिशी-पस्तिशीत रात्री अकराला भांडी आवरून ॲनाटॉमीचं पुस्तक उघडायचं. मी ते केलंय. म्हणून आता वयात असताना डिग्रीची सीट सरळ मार्गाने मिळत असेल तर ती घ्यावी असंच मला वाटतं.

सरळ मार्गाने म्हणजे कॅप राऊंडने, सीईटीनंतर सरकारची जी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया असते तिच्यातून. मला वाटतं तुझ्या घरात हे कोणालाच माहीत नाहीये आणि एजंट तर मुद्दाम सांगणार नाही. जुलै 2024 पासून राज्य सरकारने मुलींसाठी योजना काढली आहे, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीतली असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आणि नुसतं सरकारी कॉलेज नाही, प्रायव्हेट विनाअनुदानित कॉलेजात पण. अट एकच मोठी, ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. कळलं का काय होतंय? ज्या सीटसाठी तू कदाचित शिक्षण फी न भरता शिकली असतीस तिच्यासाठी आईच्या पाटल्या जाणार. होस्टेल, मेस, युनिफॉर्म हे खर्च उरतात, ते धरून चाल, पण शिक्षण फीचा मोठा बोजा उतरतो.

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम हे, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल सगळं हातात आहे का बघ, नसेल तर सेतू केंद्रात जा, आणि दुसऱ्या राऊंडचा ऑप्शन फॉर्म नीट भर. मुंबईत जेजेच्या आवारात सरकारी नर्सिंग कॉलेज आहे, एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे 1964 पासूनचं, यांचे नियम-तारखा बघून घे, कटऑफ वर जातो म्हणून आधीच घाबरून नाव गाळू नकोस, खाली मुंबईबाहेरची पण टाक.

पण प्रायव्हेट कॉलेज टाकताना एक गोष्ट बघायची आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. बिल्डिंग बघू नकोस, एसी क्लासरूम बघू नकोस, त्यांचं हॉस्पिटल बघ. स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि असेल तर त्यात पेशंट आहेत का? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एका विद्यार्थिनीमागे 3 पेशंट धरलेले आहेत. सकाळी अकराच्या सुमाराला जा, भेटायला आलोय म्हणून वॉर्डातून एक चक्कर मार. चादरी कडक इस्त्रीच्या आणि खाटा रिकाम्या असतील तर तिथून निघ. गेटवर चहा पिणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना विचार, ताई तुम्ही किती डिलिव्हऱ्या स्वतः केल्यात? ज्या मुलीने केल्यात ती बोटांवर मोजून सांगेल, रात्री किती वाजता झाली तेही सांगेल. ज्यांनी नाही केल्या त्या हसून विषय बदलतील.

माझ्या मैत्रिणीची भाची अशाच एका कॉलेजातून बाहेर पडली, नाव नाही घेत. लॉगबुक भरलेलं, सह्या सगळ्या जागच्या जागी, पण निम्मं एकमेकींचं बघून उतरवलेलं कारण वॉर्डात पेशंटच नव्हते. पहिली नोकरी आयसीयूत लागली. पहिल्या आठवड्यात घरी येऊन रडली, मावशी मला शीर सापडत नाही गं, पेशंटचा हात काळानिळा होतो. हुशार पोर होती, 4 वर्षं तिला कोणी शीर शोधायलाच दिली नव्हती. पुढे शिकली ती, पण ते शिकणं पेशंटच्या अंगावर झालं आणि तिला त्याचं अजून वाईट वाटतं. वर तिची ओरिजिनल सर्टिफिकेटं कॉलेजने अडकवून ठेवली होती, ती सोडवायला तिच्या वडिलांनी सहा खेपा घातल्या. तू कुठेही गेलीस तरी ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, आणि जमा करायचीच असतील तर सही-शिक्क्याची पावती घ्यायची.

आणि याच बाबतीत तुझं जीएनएम भारी आहे. मनपाच्या हॉस्पिटलात पेशंट शोधावा लागत नाही, खाटा भरून दोन खाटांच्या मधे खाली गाद्या घातलेल्या असतात. तिथे 3 वर्षं काढलेल्या मुलीला शीर सापडते, अंधारात पण. म्हणून डिप्लोमा म्हणजे कमी असलं मनात आणू नकोस.

माझं ट्रेनिंगचं पहिलं वर्ष तुला सांगते. परळ-लालबागचे पेशंट यायचे, गिरणी संप होऊन वर्ष झालेलं, घरात पैसा नाही त्यामुळे माणसं फार उशिरा यायची. एक बाबा होते, गिरणीतले, लकवा मारलेला, एक बाजू पूर्ण गेलेली. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून पाठ चोळायची हे आमच्याकडे, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चादर ओली होती, वास येत होता, मला मळमळलं, खोटं कशाला बोलू. सिनियर सिस्टर काही बोलल्या नाहीत, एकीकडून त्यांनी धरलं, एकीकडून मला धरायला लावलं, कूस वळवली, पुसून घेतलं, चादर बदलली, म्हणजे पेशंटला खाली न उतरवता अर्धी चादर गुंडाळत नेऊन अर्धी नवी पसरत न्यायची. मी पाठीवर हात ठेवला तशी बाबांनी अंग आक्रसलं आणि तोंड वाकडं झालेलं त्यातून कसंबसं म्हणाले, पोरी, हात गार आहे तुझा. त्या दिवसापासून 36 वर्षं पेशंटला हात लावायच्या आधी मी तळवे चोळत आले. दोन महिने बाबा आमच्याकडे होते, पाठीवर एक जखम होऊ दिली नाही आम्ही.

पप्पा ज्याला घाण काढणं म्हणतात ना ते हे. त्यांच्याशी भांडू नकोस. ते स्वतः सिक्युरिटीला, म्हणजे नाईट करत असतील, रात्रीची मुंबई त्यांनी रोज बघितलेली आहे, आणि आपली मुलगी रात्री अनोळखी पुरुषांच्या वॉर्डात उभी राहणार हे चित्र त्यांच्या डोळ्यापुढे येत असणार, तोंडातून मात्र येतं घाण. बापमाणसं भीती वाटते असं म्हणत नाहीत गं. त्यांना विचार, पप्पा नाईटची काळजी वाटते का? आणि गप्प बस, त्यांना बोलू दे. मग त्यांना घेऊन नर्सिंग स्कूलला जा, होस्टेल कुठे आहे, गेट किती वाजता बंद होतं, विद्यार्थिनींना नाईटला कधी पाठवतात, सोबत कोण असतं, हे त्यांनाच विचारू दे ऑफिसात. शेजारीपाजारी लग्नाचं बोलतील, त्याला मी इथे जागा घालवत नाही.

तर माझ्या मते तू असं कर. जीएनएमची सीट आत्ता सोडू नकोस, मुदतीत घे. पण घ्यायच्या आधी ऑफिसातल्या क्लार्कना स्पष्ट विचार की मला पुढे कॅपमधून बीएस्सी लागलं तर ॲडमिशन रद्द करता येईल का, किती दिवसांत, पैसे किती कापतात, कागद परत कधी मिळतात, आणि नोकरीचा बाँड आहे का. तोंडी उत्तरावर राहू नकोस, माहितीपत्रकात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणायचं, नम्रपणे. मग दुसऱ्या राऊंडला बीएस्सी लागलं, आणि कॉलेजला भरलेलं हॉस्पिटल आहे, तर डिग्रीला जा. बीएस्सी लागलं पण हॉस्पिटल रिकामं, तर मी जीएनएमच करेन तुझ्या जागी, आणि पास झाल्यावर नोकरीची पहिली दोनतीन वर्षं झाली की लग्नाच्या आधी पोस्ट बेसिकचा फॉर्म भरेन, माझ्यासारखं लांबवणार नाही. काहीच लागलं नाही तर जीएनएम हातात आहेच, प्रश्नच मिटला. एजंटची सीट यात कुठेच येत नाही.

मामाला परदेशाचं डोक्यात असेल तर त्याला सांग की जर्मनीला जायचं म्हटलं तर जर्मन भाषा बी-1, बी-2 या पातळीपर्यंत यावी लागते आणि आखातात बहुतेक जागी आधी वॉर्डाचा अनुभव मागतात, म्हणजे परत तेच, पेशंट कुठे बघितलेस. भाषेचा क्लास तू दुसऱ्या वर्षापासून पण लावू शकतेस.

शनिवारी एजंटचा फोन येईल तो तू उचलू नकोस, मामाला उचलू दे, आणि मामाने त्याला एवढंच विचारायचं की कॅपमधून आलो तर तुमच्या कॉलेजची फी किती. तो काय म्हणाला ते मला लिही, आणि पप्पा ऑफिसात काय बोलले तेही.

– तुझी मावशी