गुहागरला प्लॉट घेतोय. एजंटच्या नावावर कोर्टात केस दिसते. ती त्याचीच असेल का?

नुसत्या नावावरून ठरवू नका. कोकणात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि अख्ख्या वाडीचं आडनाव पुष्कळदा एकच असतं. आमच्या वाडीत एकाच नावाचे तिघे आहेत. पोस्टमन पाकीट हातात धरून विचारतो, “वरच्या घरातला की व्हाळापलीकडचा?”

ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटवर, शोधलंत की यादीत पक्षकारांची नुसती नावं येतात. त्या केसमधला आदेश उघडा. त्यात पुष्कळदा वडिलांचं नाव, वय, गाव असतं. ते जुळलं तरच केस त्याची समजा, नाहीतर भलत्याच माणसाची बदनामी आपल्या हातून होईल, आणि गावात ती पुसली जात नाही.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट असेल तर एजंटचा महारेरा क्रमांक मागा आणि महारेराच्या साइटवर स्वतः तपासा. वकील केलात तर त्याचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक, मागा.

माझ्या मते जास्त जपायचं ते जमीनमालकाच्या नावाला. सातबाऱ्यावर नावासमोर फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक, असतो. तो फेरफार तलाठ्याकडून काढून घ्या. वारसनोंद असेल तर मयताचं नाव आणि वारसांची नाती त्यात लिहिलेली असतात. विकणाऱ्याच्या कागदपत्रांशी ती ताडून बघा, मगच टोकन द्या.