अभ्यासक्रम घडवायला बसलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी तिसरी-चौथीच्या गणिताचा अभ्यासक्रम तयार करण्याचे काम तुझ्या संस्थेने तुझ्यावर सोपवले, याचा आनंद झाला. तू पाठवलेला आराखडा मी काळजीपूर्वक वाचला. त्यात घटक आहेत, उपघटक आहेत आणि चाचण्यांचे महिनेही आहेत. परंतु ही अनुक्रमणिका झाली, अभ्यासक्रम अजून व्हायचा आहे. मुलाने वर्षअखेरीस काय करू शकावे, त्यासाठी त्याला कोणते अनुभव द्यावेत, ते कोणत्या क्रमाने द्यावेत आणि ते साधले की नाही हे कसे ओळखावे, हे चार प्रश्न अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडले. त्यांची चौकट फार यांत्रिक आहे, अशी टीका पुढे पुष्कळ झाली आणि ती काही प्रमाणात रास्तही आहे; तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर न देता थेट तिसऱ्याकडे वळलेले आराखडेच मी अधिक पाहिले आहेत, आणि तुझाही त्यांतलाच आहे.

‘अपूर्णांकांची ओळख होईल’ हे तू लिहिलेले उद्दिष्ट तपासता येत नाही, कारण ओळख झाली म्हणजे नेमके काय झाले, हे त्यात कुठेच नाही. त्याऐवजी ‘दोन भाकरी चार मुलांत समान वाटून प्रत्येकाचा वाटा चित्राने आणि अंकांत दाखवेल, आणि पाव मोठा की अर्धा हे कारणासह सांगेल’ असे लिहिलेस, तर अध्यापन आणि मूल्यमापन दोन्ही त्याच वाक्यातून निघतील. मात्र अशा वाक्यांची संख्या आवरती ठेव. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमतांचा, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय यावे याच्या यादीचा, आग्रह धरला गेला तेव्हा हेतू चांगलाच होता. पण उद्दिष्टांचे तुकडे फार बारीक केले की शिक्षकाचा वेळ शिकवण्यापेक्षा नोंदींचे रकाने भरण्यात जातो.

आता वेळेचा हिशेब कर, कारण तुझ्या आराखड्यात तो मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवले आहेत. त्यांतला पाचवा भाग गणिताला मिळाला असे धरले, तर १६० तास होतात. तुझ्या शाळांपैकी ज्या द्विशिक्षकी आहेत, तेथे एकच शिक्षक तिसरी आणि चौथी एकाच खोलीत सांभाळत असेल, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट ८० तासच येतील आणि उरलेले ८० तास मुले आपापले काम करतील. या दुसऱ्या ८० तासांसाठी तू काय लिहिले आहेस? बहुवर्ग अध्यापन हे आपल्याकडचे वास्तव आहे, आणि त्याला अपवाद समजून केलेला अभ्यासक्रम कागदावरच राहतो. तेव्हा काही घटक गाळावे लागतील. काय गाळले आणि का गाळले, हे लिहून ठेव. पुढे वाद होतो तो त्यावरच.

क्रमाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. चार अंकी संख्यांचे वाचन तू पहिल्याच महिन्यात ठेवले आहेस, पण दोन अंकी संख्या मुलांना खरोखर येतात का, हे पाहण्याची जागा ठेवलेली नाही. मराठीत ही अडचण खरी आहे. ५३ लिहिताना आपण पाच आधी लिहितो आणि ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी उच्चारतो. ७९ ला ‘एकोणऐंशी’ म्हणतो तेव्हा तर सात आणि नऊ यांपैकी एकही अंक कानावर येत नाही, ऐकू येते ते पुढचे दशक. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला. कन्नड, तेलुगू आणि तमिळ भाषांत दशक आधी आणि एकक नंतर, हाच क्रम आहे. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली, तरीही वाद विधिमंडळापर्यंत गेला आणि त्यावर विनोदही भरपूर झाले. माझ्या मते बदलाचे कारण भक्कम होते; उणीव होती ती ते कारण पुस्तकाच्या आधी शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचवण्यात. तू शास्त्रशुद्ध क्रम बसवशील, पण घरी आजोबा नातवाला वेगळ्याच रीतीने पाढे म्हणायला लावणार असतील, तर तेही तुझ्या नियोजनात असले पाहिजे.

मूल्यमापनाविषयी एवढेच, की प्रत्येक उद्दिष्ट लिहिताना त्याच बैठकीत त्याखाली एक प्रश्न किंवा कृती लिही. ती सुचत नसेल तर उद्दिष्टच धूसर आहे असे समज.

अभ्यासक्रमतज्ज्ञ हिल्डा टाबा यांचा आग्रह असा होता, की आधी मुलांच्या गरजा ओळखाव्यात, शिक्षकांनी नमुना घटक रचून वर्गात वापरून पाहावेत आणि मोठी चौकट त्यानंतर बांधावी. तुझ्या कामाला मला हीच वाट अधिक सोयीची वाटते. तेव्हा पूर्ण आराखडा सध्या बाजूला ठेव. अपूर्णांकांचा एकच घटक घे, त्याची तीन-चार उद्दिष्टे, प्रत्येकाखालची तपासणीची कृती, शिक्षकासोबतच्या तासिका आणि मुलांनी स्वतः करायचे काम एवढे लिही, दोन द्विशिक्षकी शाळांतील शिक्षकांकडून तो शिकवून घे, आणि त्यांनी त्यात केलेले फेरफार न पुसता, त्यांच्याच हस्ताक्षरात माझ्याकडे पाठव.

कळावे,
तुझे सर